नवी कंपनी, जुनी धास्ती

चारठाण्यासारख्या गावात वर्षानुवर्षे एकाच कंपनीची दुचाकी वापरलेला माणूस दुसरीकडे वळताना बिचकतो, ते योग्यच आहे. डिसेंबर 2010 मध्ये हीरो आणि होंडा वेगळे होणार हे जाहीर झालं, तेव्हाही गिऱ्हाइकाला हाच घोर होता: पुढे स्पेअर पार्ट मिळतील का? पार्ट मिळत राहिले, गाड्याही चालत राहिल्या.

इंजिन बंद पडण्याची धास्ती सगळ्यांना असते. मला मात्र क्लच केबल, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट यांची काळजी जास्त वाटते. झिजणारी वस्तू गावात किंवा जिंतूरला मिळाली नाही, तर उत्तम गाडीही दारात उभी राहते. त्यात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 प्रदूषण नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन बसलं. त्यातल्या सेन्सरचा बिघाड शोधायला बहुधा स्कॅनर लागतो. नुसत्या पान्या-पकडीने भागत नाही.

म्हणून शोरूमआधी आपल्या मेकॅनिकला गाठा. घ्यायच्या गाडीचं काम तो करतो का, पार्ट कुठून आणतो, हे विचारा. वॉरंटीतलं सर्व्हिसिंग मात्र अधिकृत केंद्रातच, वेळेवर करा आणि पावत्या जपून ठेवा.