बरोक मुद्राचित्र : ऐतिहासिक साधन म्हणून मूल्य व मर्यादा
(हेट लो राजवाडा व उद्यानाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
सतराव्या शतकातील युरोपात राजवाडे व त्यांची भूमितीय उद्याने दाखविणारी मुद्राचित्रे मोठ्या प्रमाणावर छापली गेली. इतिहासलेखनात लिखित कागदाला जे स्थान मिळते, ते या चित्रांना सहसा मिळत नाही. ग्रंथात ती केवळ सजावट म्हणून येतात. असे चित्र पुरावा ठरू शकते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात नेदरलँड्समधील हेट लो राजवाड्याच्या आधारे केला आहे.

पार्श्वभूमी :
ऑरेंजचा तिसरा विल्यम याने १६८४ मध्ये हेट लोची जागा विकत घेतली. १६८९ मध्ये तो व त्याची पत्नी मेरी इंग्लंडच्या सिंहासनावर आल्यानंतर वास्तूचा विस्तार झाला. विल्यमचा प्रमुख शत्रू फ्रान्सचा चौदावा लुई; तथापि येथील अलंकरणावर फ्रेंच छाप आहे. ते काम करणारा डॅनियल मारो हा १६८५ मध्ये फ्रान्स सोडून आलेला प्रॉटेस्टंट कलावंत होता.

मुद्राचित्राचे स्वरूप :
हेट लोची मुद्राचित्रे रोमेन द होख (१६४५-१७०८) याने केली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने रेषा ओढतात; उघड्या पडलेल्या रेषा आम्लाने खोल होतात व त्यांत शाई भरून ओलसर कागदावर छाप घेतला जातो. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघत असल्याने राजाचे वैभव दूरवर पोहोचे.

या प्रकारच्या चित्रांत राजवाडा व उद्यान पुष्कळदा आकाशातून पाहिल्याप्रमाणे दिसतात. मनुष्याने बलूनमधून पहिले उड्डाण केले ते १७८३ मध्ये. म्हणजेच हे दृश्य कोणीही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते; ते आराखडा व यथार्थदर्शनाच्या नियमांवरून रचलेले असे. शिवाय होख हा विल्यमच्या पक्षाचा प्रचारक होता. नियोजित परंतु अपूर्ण भागही पूर्ण दाखविण्याची प्रथा अशा चित्रांत आढळते. म्हणून केवळ चित्रावर विसंबणे धोक्याचे ठरते.

पुराव्याची कसोटी :
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, लुई नेपोलियनच्या कारकिर्दीत (१८०६-१८१०), हे उद्यान मातीखाली गाडून तेथे इंग्रजी पद्धतीचे निसर्गोद्यान करण्यात आले. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी जुन्या उद्यानाची पुनर्रचना हाती घेण्यात आली व १९८४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. त्या कामी मुद्राचित्रे, राजवैद्य वॉल्टर हॅरिस याने १६९९ मध्ये प्रसिद्ध केलेले वर्णन व प्रत्यक्ष उत्खनन या तिन्हींचा आधार घेण्यात आला. चित्राने आकार सुचविला, वर्णनाने तपशील दिला आणि जमिनीतील अवशेषांनी दोहोंची पडताळणी केली.

निष्कर्ष :
बरोक मुद्राचित्र हे प्रचाराचे साधन होते, हे मान्य करूनही ते त्याज्य ठरत नाही. राजाला आपली सत्ता कशी दिसावी असे वाटत होते, याचा ते थेट पुरावा आहे; ती प्रत्यक्षात तशी होती काय, याचा मात्र ते अप्रत्यक्ष पुरावा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतर साधनांशी ताडून पाहिल्यावरच मिळते. लिखित कागदालाही हीच कसोटी लागू असल्याने चित्राला कनिष्ठ साधन मानण्याचे कारण उरत नाही.