तळ्यावरची शिडे आणि काठावरची माणसे

हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांच्या मध्ये पसरलेला हुसेनसागर तलाव इब्राहीम कुतुबशाहाच्या कारकिर्दीत, सोळाव्या शतकात, बांधला गेला. त्याच्या बांधावरून संध्याकाळी फेरफटका मारणाऱ्या आमच्या हैदराबादकर वाचकांपैकी कित्येकांनी आषाढ-श्रावणाच्या दिवसांत पाण्यावर चिमुकली पांढरी शिडे इकडून तिकडे सरकताना पाहिली असतील, आणि ‘श्रीमंतांचा काही खेळ चाललेला दिसतो’ असे मनाशी म्हणून ते पुढे गेले असतील. ही समजूत अगदीच निराधार म्हणता येणार नाही. शिडाच्या होडीला पैसा लागतो, आणि आपल्या देशात या खेळाची सूत्रे दीर्घकाळ लष्कर, नौदल आणि थोड्या सुखवस्तू घराण्यांच्या हाती राहिली. हुसेनसागरावरही लष्कराच्या ई.एम.ई. दलाच्या नौकामंडळाने आणि सिकंदराबाद सेलिंग क्लबाने हा खेळ वर्षानुवर्षे जोपासला. परंतु २००९ साली याच तलावाकाठी यॉट क्लब ऑफ हैदराबाद स्थापन झाला आणि त्याने आसपासच्या गरीब वस्त्यांतील, सरकारी शाळांतील मुलामुलींना होडीत बसवावयास आरंभ केला. ज्यांच्या घरी सायकल नाही अशी मुले आज शीड आवरू शकतात. तेव्हा हा खेळ आहे तरी काय, तो शिकवतात कसा, आणि तो चालू राहावा म्हणून काठावर कोण राबत असते, हे आमच्या वाचकांपुढे मांडावे असे आम्हांस वाटले.

या खेळातील लहान होडीला डिंगी म्हणतात. तिला यंत्र नसते. एक शीड, एक सुकाणू, आणि तळातून पाण्यात उतरणारी एक फळी, एवढाच तिचा संसार. ही मधली फळी नसती तर वारा होडीला वाळक्या पानासारखी बाजूला ढकलीत नेता. फळी पाण्याला धरून राहते, शीड वाऱ्याला धरून राहते, आणि या ओढाताणीतून होडी पुढे सरकते. वाऱ्याच्या थेट तोंडावर मात कोणतीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला पोहोचावयाचे असेल तर सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन राखून आधी एका अंगाला, मग वळून दुसऱ्या अंगाला, असे नागमोडी जावे लागते. घाटातला रस्ता जसा वळणे घेत चढतो, तद्वत. शर्यतीतली सारी हुशारी या वळणांत आहे. वारा कधी एका जागी राहत नाही. तो दहा अंश इकडे फिरला तर मागची होडी क्षणार्धात पुढची होते. हुसेनसागराच्या भोवती उंच इमारती आहेत, मध्ये बुद्धाचा अठरा मीटर उंचीचा पुतळा आहे, आणि पावसाळी पश्चिमेचा वारा या सर्वांना वळसे घालून झोतांनी येतो. अशा वाऱ्यावर शिकलेले पोर इतरत्र सहसा गोंधळत नाही, असे या तलावावरील जुनी मंडळी अभिमानाने सांगतात. त्यात थोडी स्वगावाची प्रौढी असेलही!

मुलांना जी होडी प्रथम देतात तिचा जन्म मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत फ्लॉरिडा प्रांतातील क्लिअरवॉटर गावी १९४७ साली क्लार्क मिल्स नावाच्या होड्या बांधणाऱ्या कारागिराला तेथील ऑप्टिमिस्ट क्लबाच्या मंडळींनी गळ घातली, की मुलांना परवडेल अशी एक होडी करून दे. प्लायवुडच्या दोन तक्त्यांत ती बसली पाहिजे. आठ फुटांच्या तक्त्यातून आठ फुटांहून लांब होडी निघणार कशी? म्हणून मिल्सने तिचे नाकच कापून टाकले. त्यामुळे ती पेटीसारखी बोथट दिसते. आज ती प्लायवुडऐवजी फायबरची करतात. लांबी सुमारे दोन मीटर तीस सेंटिमीटर, वजन पस्तीस किलो. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ती होडी जगभर पसरली आहे, आणि तिचे नाव अजून ‘ऑप्टिमिस्ट’ असेच आहे. मूल वाढले की दुसरी होडी येते. ब्रूस कर्बी या कॅनेडियन रेखाटनकाराने १९६९ साली कागदावर काढलेली ही होडी पुढे ‘लेझर’ या नावाने गाजली. आता तिला ‘इल्का’ म्हणतात. हिच्यात एक सोय आहे, जी कोणाही काटकसरी गृहिणीला पसंत पडेल. होडीचे अंग तेच ठेवून डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड तेवढे बदलता येते: लहानासाठी लहान शीड, थोराला मोठे. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला आखडून द्यावा, तसलाच हा प्रकार.

शिकवणे पाण्यावर सुरू होत नाही. प्रथम पोहणे पाहतात. मग तरंगजाकीट अंगावर नीट बसले की नाही ते पाहतात. मग जमिनीवर ठेवलेल्या होडीतच सुकाणूचा दांडा हाती देतात. येथे प्रत्येक मूल अडखळते, कारण दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. त्यानंतर दोराच्या गाठी. आणि मग, होडी चालवणे शिकवण्याच्या आधी, ती उलटवणे शिकवतात! मुलाला मुद्दाम पाण्यात पाडतात. होडी आडवी झाली की तिला धरून राहायचे, सोडून काठाकडे पोहत निघायचे नाही. पोहून फळीपाशी जायचे, फळीवर सारे वजन टाकायचे, होडी सरळ उभी राहिली की आत चढायचे आणि पाणी उपसायचे. हे तीन-चारदा झाले की भीतीचे मूळ निघून जाते. आम्ही पाहिलेल्या एका सकाळी नऊ-दहा वर्षांची एक चिमुरडी पहिल्यांदा उलटली तेव्हा रडली, दुसऱ्यांदा गप्प राहिली, आणि तिसऱ्यांदा वर येऊन प्रशिक्षकाला म्हणाली, “सर, अजून एकदा?”

तिची आई काठावर उभी होती. तीन पिढ्या हैदराबादेत असलेले ते मराठी कुटुंब. आम्ही विचारपूस केली तेव्हा ती माउली म्हणाली, “आमच्या सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही हो. पोहायला नेते एवढंच सांगितलंय. पोरीला पाण्यावर सोडून इथं उभं राहायचं म्हणजे जीव नुसता टांगणीला लागतो.” तिची काळजी आम्हांस अनाठायी वाटली नाही. पाणी हे पाणीच आहे. आणि हुसेनसागराचे पाणी निर्मळही नाही, शहराचे सांडपाणी त्यात वर्षानुवर्षे उतरत आले आहे. म्हणून कोणा क्लबात मूल घालण्यापूर्वी आईबापांनी बक्षिसांचे कपाट पाहू नये. किती होड्या पाण्यावर गेल्या आणि किती परत आल्या याची नोंद कोण ठेवतो, मदतीची मोटारबोट खरोखरच पाण्यावर फिरत असते की काठाला बांधून ठेवलेली असते, आणि पाण्यातून आलेल्या मुलांना स्वच्छ पाण्याने आंघोळ करावयाची सोय आहे काय, हे विचारावे. या प्रश्नांनी जो चिडेल त्याच्या हाती मूल देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या मोटारबोटीविषयी चार शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण क्लबाची खरी परीक्षा तेथे होते. ती चालवणारे बहुधा बिनपगारी असतात: कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी महाविद्यालयात शिकणारा मुलगा. वाऱ्याचा मोठा झोत येऊन एकदम सहा होड्या उलटल्या, तर आधी कोणाकडे जायचे? नियम असा, की आधी माणसे मोजायची. होडीचे मागाहून पाहू. प्रत्येक उलट्या होडीपाशी एक डोके दिसले पाहिजे. जेथे दिसत नाही तेथे प्रथम धावायचे, कारण मूल शिडाखाली किंवा दोरात अडकलेले असू शकते. पाण्यातील मुलाजवळ पोहोचताच यंत्र बंद करायचे, कारण पंख्याची पाती वाऱ्याहून घातक. चालकाने यंत्राच्या कळीला जोडलेली दोरी स्वतःच्या अंगाला अडकवून घ्यायची, म्हणजे तो पाण्यात पडला तर बोट आपोआप थांबेल. हे काम दिवसभर उन्हापावसात करायचे, आणि सारे सुरळीत पार पडले तर कोणाच्या ते ध्यानातही येत नाही.

शर्यतीच्या दिवशी अशा आणखी दहा-बारा माणसांची गरज लागते. एका बोटीवर शर्यतीचा अधिकारी बसतो; वाऱ्याची दिशा पाहून तो बोये मांडून घेतो, आणि वारा फिरला की पुन्हा मांडून घेतो. आरंभाला पाच मिनिटे असताना एक निशाण चढते, चार मिनिटांना निळ्यावर पांढरा चौकोन असलेले दुसरे. एक मिनिटाला ते उतरते आणि मग सुटका. या पाच मिनिटांत तीस होड्या एका काल्पनिक रेषेमागे घिरट्या घालीत असतात. होडीला थांबवावयास ब्रेक नसल्यामुळे कोणी रेषा आधी ओलांडली तर त्याने मागे फिरून पुन्हा निघावे लागते. वेळ मोजणारा, निशाण ओढणारा, शेवटी क्रमांक टिपणारा, यांपैकी एकाची नजर चुकली तर मुलांच्या महिनाभराच्या मेहनतीवर पाणी पडते. विशेष हे, की यांतील पुष्कळ कामांना होडी चालवता येण्याची मुळीच गरज नाही. घड्याळ वाचता येणाऱ्या कोणा आत्याबाईही ती करू शकतील.

या खेळात पाण्यावर सहसा पंच नसतो, ही गोष्ट क्रिकेटप्रेमी वाचकांना नवलाची वाटेल. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीला डाव्या अंगाने वारा घेणारीने वाट द्यायची, हा मूळ नियम. तो मोडला तर मोडणाऱ्याने आपण होऊन बाजूला जाऊन आपली होडी दोनदा गरगर फिरवायची आणि मग पुढे चालू लागायचे. बोयाला नुसता स्पर्श झाला तर एकदा. कोणी पाहिले नसले तरीही. जो कबूल करीत नाही त्याच्याविरुद्ध तक्रार मांडता येते आणि काठावर सुनावणी होते. शर्यत चालू असताना बाहेरून कोणी मदत करावयाची नाही, असाही नियम आहे. तेव्हा काठावरून “अरे, वळ, वळ!” म्हणून ओरडणारे वडील वस्तुतः मुलाला दंडाच्या तोंडी देत असतात. आम्ही पाहिले, त्या सकाळी असे वडील तीन होते.

आणि नियमपुस्तकातील पहिलाच नियम असा, की संकटात सापडलेल्याला प्रत्येकाने शक्य ती मदत केलीच पाहिजे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी पुसान बंदरात लॉरेन्स लेमिओ हा कॅनडाचा नाविक आपल्या शर्यतीत दुसऱ्या स्थानी चालला होता. वारा चढला होता, लाटा मोठ्या होत्या. जवळच्या दुसऱ्या शर्यतीतील सिंगापूरची एक होडी उलटून तिच्यावरील दोघे पाण्यात पडलेले त्याने पाहिले. त्याने आपली वाट सोडली, दोघांना ओढून घेतले, मदतीची बोट येईपर्यंत थांबला, आणि मग पुन्हा शर्यतीस लागला. तोवर पुष्कळ होड्या पुढे निघून गेल्या होत्या. पंचमंडळाने त्या शर्यतीत त्याला दुसरे स्थान परत दिले; एकंदरीत तो अकरावा आला. ऑलिंपिक समितीने त्याला कूबेर्तांच्या नावाचे विशेष पदक दिले. हुसेनसागरावरचे प्रशिक्षक ही गोष्ट मुलांना सांगतात की नाही ते आम्ही विचारले. “पहिल्या आठवड्यात,” असे उत्तर मिळाले.

समुद्रापासून दूरच्या गावांना हा खेळ परका आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. इंदूर-देवासकडील आमच्या वाचकांना ठाऊक असेलच, की देवास जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या बड्या तलावावर शिकली, आणि २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत इल्का-४ प्रकारात तिने रौप्यपदक मिळवले. त्याआधी २०१८ साली जकार्त्याच्या स्पर्धेत मध्य प्रदेशाच्याच हर्षिता तोमरने कांस्यपदक मिळवले होते. चेन्नईची नेत्रा कुमानन २०२१ साली ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय स्त्री-नाविक झाली. ही नावे तळ्याकाठच्या मुलांना पाठ आहेत.

तथापि पदकांची एक बाजू आम्हांस खटकते. ज्या मुलात चुणूक दिसते त्याच्याकडे साऱ्यांचे लक्ष जाते. जे नेहमी विसावे-पंचविसावे येते ते तेराव्या-चौदाव्या वर्षी हळूच येईनासे होते. त्याला कोणी जा म्हणत नाही, पण रहा असेही कोणी म्हणत नाही. वास्तविक बोये मांडणारा, मोटारबोट चालवणारा, उद्याचा प्रशिक्षक व्हावयाचा तो याच मुलांतून. आमच्या भेटीत एका जुन्या कार्यकर्त्याने हीच चिंता बोलून दाखवली: मुले वाढताहेत, होड्याही मिळतील, पण रविवारी सकाळी सहाला येऊन संध्याकाळपर्यंत थांबणारी मोठी माणसे मिळत नाहीत. त्यांचे स्वतःचे वय सत्तरीच्या पुढे. मोटारबोटीच्या दोरीची गाठ तपासता तपासता ते हे सांगत होते, आणि बोलणे संपताच घड्याळ पाहून पाण्याकडे गेले, कारण पहिल्या निशाणाला सात मिनिटे उरली होती.