साठी आणि बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज वापरतो. आजोबांना एखादे नाव पटकन आठवले नाही, की ती ऐकू येतेच. ती कितपत खरी आहे?

आधी एक प्रयोग करू. वारज्यातील शाळा असो वा खेड्यातील, याला फक्त पुस्तक आणि पट्टी लागते. घरातील प्रत्येकाने एक डोळा झाकून पुस्तक हळूहळू जवळ आणावे. अक्षरे पुसट झाली की थांबून अंतर मोजावे. (लांबचे पाहण्याचा चष्मा असल्यास तो लावावा, वाचायचा काढावा.) दहा वर्षांच्या मुलाला सुमारे १० सेंमी. अंतरावरचेही वाचता येते. पन्नाशीच्या माणसाला पुस्तक हातभर दूर धरावे लागते. वयाबरोबर डोळ्यातील भिंग ताठर होते. जवळचे पाहताना त्याला पुरेसा फुगीरपणा येत नाही. वाचायच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो ते उगीच नव्हे!

बुद्धी मात्र एकाच भिंगासारखी नाही. नवी माहिती झटपट हाताळण्याचा वेग तरुणपणानंतर हळूहळू घटतो. शब्दसंग्रह आणि अनुभवाचे ज्ञान मात्र साठीपर्यंत टिकते, वाढतेही.

पूर्वी संशोधक एकाच वेळी तरुण व वृद्ध यांची चाचणी घेऊन तुलना करीत. त्यात वृद्ध फार मागे दिसत. पण त्यांना शाळाही कमी मिळालेली होती! म्हणून अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे १९५६ पासून त्याच त्या माणसांची दर सात वर्षांनी पाहणी झाली. बहुतेक क्षमता साठीपर्यंत फारशा घटत नाहीत, असे दिसले.

स्वभावही गोठत नाही. सर्वसाधारणपणे मध्यमवयात माणूस अधिक जबाबदार होतो, चिडचिड कमी होते.

वारज्याशेजारच्या हिंगण्यात (आजचे कर्वेनगर) धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. सत्तरी ओलांडल्यावर ते जगप्रवासाला निघाले. कर्वे अपवादात्मक खरेच. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. पण म्हण मोडायला ते पुरेसे आहे.

एक सावधगिरी हवी. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि रोजच्या रस्त्यावर घर न सापडणे वेगळे. दुसरे म्हातारपण नसून आजाराचे लक्षण असू शकते. ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. म्हणीवर विसंबलो, तर उपचाराची वेळ निघून जाते.