तळ कोठें द्यावा?

सुटी लागली कीं चार दिवस रानांत जाऊन तंबूंत राहावें, ही हौस अलीकडे आपल्या कुटुंबांतही चांगलीच रुजली आहे. आमच्या मतें ही हौस स्तुत्य आहे. एरव्हीं ज्या घरांत आजोबा, सुना व नातवंडें आपापल्या खोलींत आपापल्या यंत्रांत दंग असतात, त्याच घरांतील माणसें एका दिव्याभोंवतीं बसून एकमेकांचें बोलणें ऐकतात, हा लाभ लहान नव्हे. मुंबई-नाशिककडील मंडळींस याकरितां पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा हे डोंगराळ तालुके सोयीचे पडतात. जव्हार गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंचीवर आहे आणि थंडीच्या दिवसांत तेथील हवा प्रसन्न असते. तथापि हौस वाढली तितका विचार वाढलेला दिसत नाहीं. छायाचित्रांत जागा सुंदर दिसली कीं लोक तेथें तंबू ठोकतात. डोळ्यांस आवडलेली जागा आणि रात्र काढण्यास योग्य जागा या पुष्कळदां दोन निरनिराळ्या असतात. तेवढेंच येथें सांगावयाचें आहे.

तळाची भूमि पारखणें ही आपल्याकडे जुनी विद्या आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील दहाव्या अधिकरणाचा पहिलाच अध्याय स्कंधावाराच्या, म्हणजे सैन्याच्या तळाच्या, मांडणीविषयीं आहे. तळ वर्तुळाकार, लांबट वा चौकोनी असावा, किंवा भूमि जशी असेल त्या मानानें असावा, असें तेथें सांगितलें आहे. भूमीवर आपली हौस लादूं नये, तिच्या कलानें घ्यावें, हा त्यांतील बोध होय. जव्हारजवळचा शिरपामाळ या दृष्टीनें मुद्दाम पाहण्यासारखा आहे. १६६४ सालच्या सुरतेच्या स्वारीच्या वेळीं शिवाजी महाराजांचा मुक्काम येथें झाला व जव्हारच्या राजानें त्यांस शिरपेच अर्पण केला, त्यावरून माळास हें नांव पडलें, अशी परंपरा आहे. ज्यास दूरच्या वाटेवर आपलीं माणसें सुखरूप राखावयाचीं होतीं, त्याचा तळ म्हणून लोकांनीं स्मरणांत ठेविला आहे तो उघडा माळ, हें ध्यानांत घ्यावें.

आजच्या प्रवाशास मात्र ओढ पाण्याची असते. लेंडी नदीवरील दाभोसा धबधबा सुमारें ३०० फूट उंचीवरून कोसळतो. दादरकोपरा व काळमांडवी हींही ठिकाणें प्रसिद्ध आहेत. याच काळमांडवी येथें जुलै २०२० मध्यें पांच तरुणांचा एकाच दिवशीं बुडून अंत झाला. धबधबा पाहण्यास अवश्य जावें, परंतु बांधलेल्या वाटेवरून व दुरून. आणि त्याच्या शेजारीं निजूं तर मुळींच नये. ओढ्याचें पात्र सायंकाळीं कोरडें असलें, तरी वरच्या डोंगरांत पाऊस झाला असतां रात्रीं लोंढा येतो, आणि आपल्या डोक्यावर चांदणें असल्यामुळें आपणांस त्याची वर्दीही मिळत नाहीं. कांठच्या झुडपांस अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे, हें पाहावें. मागील पुराची रेघ तीच. तंबू तिच्याहून बराच वर आणि पाण्यापासून निदान शंभर पावलें दूर असावा.

म्हणून अगदीं माथा गांठावा असेंही नाहीं. माथ्यावर वारा तंबू उपटतो. आश्विनांत परतीचा पाऊस विजा घेऊन येतो, आणि तेव्हां उघड्या माळावरील एकटें झाड म्हणजे संकटास आमंत्रणच. माथ्याच्या किंचित खालीं, वाऱ्याच्या आडोशास, पाणी आपोआप निथळून जाईल इतक्या मंद उताराची मुरमाड जमीन उत्तम. वर वाळलेली फांदी नसावी. जवळ दगडांचा ढीग किंवा दाट गवत नसावें, कारण विंचू व फुरसें यांचें घर तेंच. पावसाळ्यांत या भागांत पाऊस अतोनात पडतो; त्या दिवसांत लहान मुलांसह तंबूचा हट्ट न धरतां पक्क्या छपराखालीं राहावें. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ या मुक्कामास सर्वांत चांगला.

कुटुंबास आणखी एक कसोटी लावावी लागते. जागेची पसंती घरांतील धट्ट्याकट्ट्या तरुणानें देऊं नये. ती आजीनें द्यावी. रात्रीं दोन वाजतां एका हातांत विजेरी व दुसऱ्या हातांत सुनेचा हात धरून आजीस शौचकूपापर्यंत न अडखळतां जातां येत असेल, तर ती जागा घरांतील सर्वांस चांगली. जव्हारचें पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचें ग्रामीण रुग्णालय तेथून किती वेळाच्या अंतरावर आहे आणि तेथें भ्रमणध्वनी लागतो कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं विचारून घ्यावें. दिवस मावळण्याच्या दोन तास आधीं पोहोंचावें. अंधारांत निवडलेली जागा दैवाच्या हवालीं असते.

ज्यांस वृद्धांसह फिरावयाचें आहे, त्यांच्यासाठीं कॅरॅव्हॅन, म्हणजे निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटार, हा पर्याय आतां आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण ठरविलें. त्यांत अशा वाहनांचा व तीं उभीं करण्याच्या जागांचा विचार केलेला आहे. या चाकांच्या घरासाठीं मुक्कामाच्या जागेआधीं रस्ता पाहावा. त्र्यंबकेश्वराहून मोखाड्याकडे येतांना तोरंगण घाट लागतो. कसाऱ्याहून खोडाळ्यास येणारी वाटही वळणांची आहे. मुख्य रस्ता सोडल्यावर पाड्याकडे जाणारी वाट लांब गाडीस पुरेल काय, फांद्या व विजेच्या तारा खालीं आल्या आहेत काय, गाडी वळविण्यास जागा आहे काय, हें आधीं जाणून घ्यावें. उभें राहण्याची जमीन सपाट व कठीण असावी आणि मैलापाणी सोडण्याची रीतसर सोय असावी. ती सोय नसेल तेथें गाडी नेऊंच नये. टांकींतील घाण ओहोळांत सोडणें म्हणजे दुसऱ्याच्या हंड्यांत ती ओतणेंच होय.

आणि हा हंडा किती कष्टानें भरतो, तेंही आपण जाणावें. मोखाडा तालुक्यांतील मध्य वैतरणा धरणाचें पाणी मुंबईस जातें, आणि त्याच तालुक्यांतील अनेक पाड्यांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस धो धो पडतो खरा, पण उताराच्या कातळावरून वाहून जातो. अशा विहिरीवर जाऊन आपण मुलांच्या आंघोळीसाठीं बादल्यांवर बादल्या उपसल्या, तर त्या सहलीस आनंद म्हणावें काय? माणशीं निदान पांच लिटर पाणी रोजचें धरून तें बरोबर न्यावें, आणि चैत्र-वैशाखांत तेथें तळ देण्याचा बेतच करूं नये.

रिकामी दिसते ती जमीन बेवारशी नसते. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रांत मोडतात, आणि १९९६ च्या पेसा कायद्यानें तेथील ग्रामसभांस विशेष अधिकार दिलेले आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा लोकांचीं शेतें, देव आणि गुरांच्या वाटा त्या माळांवर आहेत. मालकास विचारावें, राखीव वनांत वनखात्याच्या परवानगीवांचून तंबू ठोकूं नये व जाळ तर करूंच नये, १९२७ चा वनकायदा त्यास गुन्हा मानतो. शक्य तर एखाद्या शेतकऱ्याच्या आंगणालगतच उतरावें, त्याच्या घरची नागलीची भाकरी योग्य मोल देऊन घ्यावी. कोणता ओढा केव्हां भरतो आणि कोणत्या बांधावर साप निघतो, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

सारांश, उंच जमीन, सोपी वाट, आजीची संमति आणि गांवाची परवानगी, इतकें जुळलें म्हणजे तळ ठोकावा. यांतील एक जरी उणें असलें, तरी दृश्य कितीही मनोहर असो, गृहस्थानें गाडी पुढें हांकावी. पुढें दुसरा माळ असतोच.