खांड आणि जोळ

कासूहून पश्चिमेस धरमतरच्या खाडीच्या रोखाने निघाले, की भातखाचरांच्या कडेने मातीचे काठे लागतात. भरतीचे खारे पाणी बाहेर थोपविणारे आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून, म्हणजे काठ्यातील झडपेच्या दारातून, पावसाचे गोडे पाणी खाडीस देणारे. त्यांच्याकडे पाहताना, सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सभांतून मी वर्षानुवर्षे ऐकत आलेले एक वाक्य हटकून आठवते: ‘आमच्या संस्थेला आजवर कधी धक्का बसला नाही, म्हणून ती भक्कम आहे.’ हे वाक्य साफ चुकीचे आहे, आणि ते टाळ्या घेते याचा मला संताप येतो.

काठा मातीचा; खेकड्यांच्या बिळांनी पोखरलेला, आणि एखाद्या उधाणात त्याला खांड, म्हणजे भगदाड, पडणारच. खारे पाणी एकदा शेतात शिरले की जमीन पुन्हा गोडी होण्यास पावसाळ्यामागून पावसाळे जातात. म्हणून पेण-अलिबागच्या खारपट्टीत घरटी माणूस देऊन काठा राखण्याचा जो रिवाज होता, ज्यास ‘जोळ’ म्हणत, त्याचे सामर्थ्य काठ्याच्या उंचीत मोजणे व्यर्थ होय; ते खांड पडताच माणसे किती त्वरेने जमतात, चिखल कोठून आणतात आणि पाण्याने दाखविलेली कच्ची जागा पुढील उन्हाळ्यात अधिक रुंद व उंच कशी बांधतात, यात होते. लहान खांड ही त्या व्यवस्थेची तालीमच असे. पुढे 1948 च्या आणि नंतर 1979 च्या खारजमीनविषयक कायद्यांनी हा कारभार सरकारी दफ्तरात गेला. निधीची तरतूद झाली, परंतु ज्या हातांना दरसाल सराव होता ते हात अर्ज लिहू लागले.

ज्यांना हा केवळ खेडवळ दाखला वाटेल, त्यांनी परिसरशास्त्रज्ञ हॉलिंग यांचा 1973 चा निबंध पाहावा. स्थैर्य आणि आघात पचविण्याची शक्ती या दोन भिन्न वस्तू असल्याचे त्यांनी तेथे दाखविले आहे. आणि निस्तरंग दिसणाऱ्या कारभाराच्या पोटात काय साचू शकते, हे पेणच्या ठेवीदारांना 2010 साली, रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले तेव्हा, फार मोठी किंमत देऊन कळले.

‘प्रत्येक संकट बळच देते’ हा उलट टोकाचा भ्रमही तितकाच घातक: जुलै 1989 मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यात माणसेच वाहून नेली, तेथे शिकायला कोण उरले?

‘राखीव निधी असला की पुरे’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की भरती चढत असताना तिजोरीतल्या रुपयांनी खांड बुजत नाही.

‘एक कर्तबगार अध्यक्ष असला की झाले’ असेही म्हणतात. उघाडी कोणत्या वेळी उघडावयाची हे गावात एकालाच ठाऊक असेल, तर तो तापाने अंथरुणास खिळला त्या दिवशी पावसाचे पाणी खाचरातच तुंबते, आणि लावलेले रोप तेथेच कुजते.