शाळू कुठे हरतो?

मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक ज्वारीतून 'मालदांडी ३५-१' हे वाण निवडलं गेलं. सोलापूरच्या रब्बीत ते आजही टिकून आहे.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. खरिपात उत्पादन वाढलं; पण कणसं पावसात सापडली की दाण्यावर बुरशी धरते, तो काळा पडतो आणि भाव कोसळतो. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मात्र काळ्या मातीतल्या ओलीवर वाढतो आणि कोरड्या हवेत पिकतो. म्हणून दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा.

मग तो हरतो कुठे? हिशेबात.

उजनी धरणाचं पाणी आलं आणि जिल्हाभर साखर कारखाने उभे राहिले. उसाला ठरलेला किमान दर आहे, घेणारा कारखाना आहे. ज्वारीची काढणी-मोडणी हातानं, मजुरी महाग, भाव बेभरवशाचा. म्हणून शेत उसाकडे वळतं. पण ज्वारी गेली की कडबाही जातो. दोन एकरवाल्याच्या दावणीला वैरण विकत येते आणि जनावर परवडेनासं होतं.

याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचे पैसे शेतकऱ्याच्या हाती पडायचे, तर दुकानात नुसती 'ज्वारी' न मागता मंगळवेढ्याचा शाळू मागा.