साडेअकराची शिट्टी

परभणीत फुटबॉलचं वेड लागलं की पहिली सवय लागायची ती जागरणाची. 29 जून 1986 रोजी मेक्सिकोत भर दुपारी बारा वाजता विश्वचषकाची फायनल सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. 8 जुलै 1990 रोजी रोममध्ये रात्री आठला शिट्टी वाजली. पुन्हा आपले साडेअकरा. शेजारच्या घरातला दूरदर्शनचा संच, अँटेना फिरवायला गच्चीवर चढवलेलं एखादं पोरगं, खालून ‘आलं, आलं, गेलं’ असा ओरडा आणि सोमवारी वर्गात डुलक्या. आमच्या पिढीची फायनल ती एवढी.

संघ निवडायला मात्र डोकं चालवावं लागलं नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडे शेंबडं पोरही म्हणतं. तेव्हा अर्धा महाराष्ट्र मॅराडोनाच्या मागे असताना आम्ही पश्चिम जर्मनीचे. शहाऐंशीत अर्जेंटिना 2-0 पुढे होती. रुमेनिगे आणि फोलरनं सात मिनिटांत बरोबरी केली आणि गल्ली जागी झाली. 84 व्या मिनिटाला बुरुचागानं ती पुन्हा झोपवली. चार वर्षांनी ब्रेहमेच्या पेनल्टीनं हिशेब चुकता झाला. 2002 ची फायनल एकदाची दिवसाउजेडी आली, दुपारी साडेचारला, तर नेमका ऑलिव्हर कानच्या हातून चेंडू निसटला आणि रोनाल्डोनं ब्राझीलला जिंकून दिलं. 2006 मध्ये भारनियमनाचा कागद बघून मग सामन्याचा बेत ठरायचा. इटलीनं उपांत्य फेरीत जादा वेळेच्या अगदी शेवटी जर्मनीला दोन गोल मारले, ते आम्ही दुसऱ्या दिवशी छापलेले वाचले. 2014 ला गोत्झेनं 113 व्या मिनिटाला गोल केला, तेव्हा पहाट जवळ आली होती.

या सगळ्या वर्षांत मैदानावर जाऊन फायनल बघण्याचा विचारही कुणी केला नाही. पण आमच्या आधीच्या पिढीला तो विचार परका नव्हता. 1956 पर्यंत परभणी हैदराबाद राज्यात होती. कॉलेजसाठी पोरं उस्मानिया विद्यापीठात जात आणि येताना फुटबॉल घेऊन येत. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं 1950 ते 1954 सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला, तोही मुंबईत, कूपरेजवर. हैदराबादेत शिकलेली जुनी मंडळी त्या संघातल्या नूर मोहम्मदचं नाव घरातल्या माणसासारखं घ्यायची. परभणीहून कूपरेज गाठायचं तर मीटर गेजनं मनमाड, तिथं गाडी बदलून मुंबई. पुढं याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 हरवून आशियाई सुवर्ण घेऊन आला. पुढच्याच वर्षी ते गेले. आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला, मग महाराष्ट्रात. हैदराबादची वाट अंधूक झाली आणि तिच्यावरून येणारा फुटबॉलही. मधल्या काळात क्रिकेटनं गल्ल्या व्यापल्या.

म्हणून 2017 साल आमच्यासाठी वेगळं. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता, त्यातले काही सामने नवी मुंबईत. राज्य सरकारनं शाळाशाळांत फुटबॉल वाटले आणि 15 सप्टेंबरला एकाच दिवशी दहा लाख विद्यार्थ्यांनी खेळायचं असं ठरलं. परभणीच्या काळ्या मातीत सप्टेंबरात फुटबॉल खेळणं हे एक प्रकरणच असतं. ही माती पाऊस पिऊन फुगते, बुटाला किलोभर चिकटते. उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा पडतात आणि पाय मुरगळतो. मुंबई-कोलकात्यात पावसाळा हा फुटबॉलचा हंगाम, आमच्याकडे तो चेंडू रुतायचा हंगाम. तरी त्या दिवशी पोरं चिखलात मनसोक्त लोळली.

9 ऑक्टोबरला दिल्लीत जॅक्सन सिंगनं कॉर्नरवर हेडरनं कोलंबियाला गोल मारला. कुठल्याही वयोगटाच्या फुटबॉल विश्वचषकात भारतीय पुरुष संघाचा तो पहिला गोल. मिनिटभरात कोलंबियानं पुन्हा आघाडी घेतली आणि सामना 2-1 जिंकला, पण त्या मिनिटभरानं आम्हाला घरात बसू दिलं नाही. जर्मनीची पोरं मडगावात इराणकडून 4-0 हरली, मग कोलकात्यात ब्राझीलकडून 2-1 हरून बाहेर पडली. आमचा संघ गेला होता, तरी आम्ही काही जण निघालो. पूर्णा, हिंगोली, वाशीम करत अकोला, तिथून हावड्याची गाडी. फायनल भारतात असताना ती टीव्हीवर बघायची, हे आता जमणारं नव्हतं.

28 ऑक्टोबर 2017, शनिवार. कोलकात्यातल्या सॉल्ट लेक स्टेडियमवर आधी तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला. मालीच्या गोलरक्षकाच्या पायांतून एक साधा फटका निसटला आणि सगळं स्टेडियम क्षणभर गप्प झालं, मग ब्राझीलच्या पिवळ्या सदऱ्यांनी गर्जना केली. रात्री आठला इंग्लंड आणि स्पेन. जमलेले 66,684 प्रेक्षक. त्यातल्या बहुतेकांचा या दोन्ही देशांशी काडीचा संबंध नाही. सर्जियो गोमेझनं अर्ध्या तासात स्पेनसाठी दोन गोल केले. मे महिन्यात याच स्पेननं इंग्लंडला युरोपीय फायनलमध्ये पेनल्टीवर हरवलं होतं. वाटलं, तीच गोष्ट पुन्हा. मध्यंतराच्या तोंडावर ब्रूस्टरनं एक परत केला. मग गिब्ज-व्हाइट, फोडेन, गुएही, पुन्हा फोडेन. 5-2.

टीव्हीवर इतकी वर्षं चेंडू बघितला होता. इथं प्रथमच संघ दिसला. चेंडू डाव्या बगलेवर हडसन-ओडोईच्या पायात असताना उजव्या टोकाला फोडेन हळूहळू आत सरकत होता. स्पेनच्या बचावफळीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं, आमचं होतं. क्रॉस आला आणि तो नेमका तिथं. कॅमेऱ्यानं मला फक्त तो गोल दाखवला असता. गोल कसा शिजत गेला, हे वरच्या रांगेतूनच कळलं. समालोचक नसतो, रिप्ले नसतो, त्यामुळे आपलं आपण ठरवावं लागतं की आत्ता काय झालं. शेजारच्या बंगाली काकांशी आमचं हिंदी धड जमेना, पण ऑफसाइडवर दोघांचंही एकाच वेळी तोंड उघडायचं.

त्या स्पर्धेला एकूण 13 लाख 47 हजारांवर प्रेक्षक आले, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचा तो उच्चांक. 14 जुलै 2024 रोजी बर्लिनमध्ये युरो चषकाच्या फायनलला पुन्हा इंग्लंड आणि स्पेन समोरासमोर आले. इंग्लंडच्या पहिल्या अकरांत फोडेन आणि गुएही होते. या वेळी स्पेननं 2-1 असा सामना जिंकला. आम्ही नेहमीसारखे रात्री साडेबाराला टीव्हीसमोर होतो. पण ती पोरं मिसरूड फुटायच्या वयात आम्ही पाहिलेली, म्हणून त्यांच्या हरण्याचं वाईट वाटलं. जर्मनीच्या चाहत्याला इंग्लंडचं वाईट वाटावं, याहून मोठी उलथापालथ ती काय!

मागं वळून बघताना मात्र एक हिशेब जुळत नाही. प्रेक्षक म्हणून आपण जगाला थक्क केलं; 2017 च्या भारतीय संघातला कोल्हापूरचा अनिकेत जाधव सोडला, तर महाराष्ट्राच्या वाट्याला खेळणारे किती आले? कोल्हापुरात पेठापेठांचे संघ आहेत, दर हंगामात शाहू स्टेडियमवर भांडणारे चाहते आहेत, म्हणून तिथं अनिकेत होतो. परभणीत शाळांना मिळालेले फुटबॉल पंक्चर झाले आणि बरेच कपाटात गेले, कारण चेंडू आला तरी दर आठवड्याचा सामना आला नाही. हैदराबाद पोलिसांच्या पाच चषकांमागेही रहीमसाहेबांचा रोजचा सराव आणि शहरातली लीग होती. सामना बघायला गाव जमलं नाही तर खेळणाऱ्याला खेळत राहायचं कारण उरत नाही. आमची चूक अशी की चाहता म्हणजे दूरच्या फायनलचा चाहता, असंच आम्ही धरून चाललो.

शालेय सुब्रतो मुखर्जी चषकाची जिल्हा फेरी दर पावसाळ्यात होते. त्यातही सतरा वर्षांखालचा गट आहे, फोडेनच्या त्या वेळच्या वयाचा. जिंकणारा संघ विभागाला, मग राज्याला, आणि राज्य जिंकलं तर थेट राष्ट्रीय स्पर्धेला. आता आम्ही त्या सामन्यांना जातो. प्रेक्षकांत बहुधा दोन शिक्षक, बदली खेळाडू आणि आम्ही. चिखलामुळं पास अर्ध्यातच थांबतो, पण दूरच्या बगलेवर आत सरकणारं एखादं पोरगं असतंच. त्याच्याकडे कुणाचं तरी लक्ष असावं लागतं. तिकीट नाही, जागरण नाही, सकाळी अकराला या.